‘डीसीसी रेडी’ म्हणून विकलेल्या डब्ल्यूडीएम-2 मॉडेल इंजिनातील दोष व नाकारलेली वॉरंटी

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: एचओ मापाच्या (1:87) डब्ल्यूडीएम-2 मॉडेल रेल्वे इंजिनातील सदोष वायरिंग व चाकांच्या अंतराबाबत तक्रार

महोदय,

गेल्या महिन्यात मी आपल्या कंपनीकडून डब्ल्यूडीएम-2 या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाचे 1:87 प्रमाणातील मॉडेल मागवले. त्यात डिकोडर (रुळांतून येणाऱ्या डिजिटल आज्ञांनुसार मोटर चालवणारे छोटे सर्किट) बसवताच तो जळाला आणि त्याबद्दल तक्रार केली असता, इंजिनाची बॉडी उघडल्यामुळे वॉरंटी संपुष्टात आल्याचे आपल्या विभागाने कळवले. हे उत्तर मला मान्य नाही. खोक्यावर ‘डीसीसी रेडी’, म्हणजे अशा डिजिटल नियंत्रणासाठी (डिजिटल कमांड कंट्रोल) तयार, असे ठळक छापलेले आहे आणि चार स्क्रू काढून, बॉडी उचलून, आठ पिनांच्या सॉकेटमध्ये डिकोडर कसा बसवावा हे आपल्याच माहितीपत्रकात आकृतीसह दिलेले आहे. त्या आकृतीबाहेरचे मी काहीही केलेले नाही.

डिकोडर जळाल्यावर मी मल्टीमीटर लावून पाहिला. डीसीसीवर चालणाऱ्या इंजिनात मोटरची दोन्ही टोके रूळ आणि चासीपासून पूर्णपणे वेगळी असावी लागतात. येथे मात्र मोटरला वीज पोचवणाऱ्या खालच्या ब्रशची पितळी पट्टी थेट चासीला टेकलेली आहे, आणि ती चासी एका बाजूच्या चाकांमधून वीज घेते. पट्टीखाली इन्सुलेशनचा साधा कागदही नाही. त्यामुळे रुळांवरचा प्रवाह डिकोडरच्या मोटरकडील तारेत उलटा शिरला. साध्या 12 व्होल्ट डीसीवर हेच इंजिन सुरळीत चालते, म्हणून डिकोडर बसवेपर्यंत हा दोष ग्राहकाला कळण्याची सोयच नाही. कारखान्यात मात्र मल्टीमीटरने तो क्षणात कळला असता.

दुसरी तक्रार चाकांची. मागच्या बोगीच्या (इंजिनाखालील चाकांच्या चौकटीच्या) दोन आसांवर चाकांच्या आतल्या बाजूंमधील अंतर व्हर्नियर कॅलिपरने 13.8 आणि 13.9 मि.मी. भरते, ते सुमारे 14.4 मि.मी. असायला हवे. परिणामी रूळ बदलण्याच्या प्रत्येक सांध्यावर चाक आतल्या संरक्षक रुळावर चढते आणि बोगी घसरते. माझ्या लेआउटवरील (मांडलेल्या रूळमार्गावरील) वळणे 505 मि.मी. त्रिज्येची आहेत, म्हणजे आपण सांगितलेल्या किमान 438 मि.मी.पेक्षा सैल, तेव्हा दोष वळणाला देता येणार नाही. चाके आसावर सरकवून अंतर दुरुस्त करणे मला जमते, पण तसे केल्यास तीही ‘छेडछाड’ ठरेल, म्हणून हात लावलेला नाही.

भारतीय ब्रॉडगेज 1676 मि.मी.चा असल्याने 1:87 मध्ये रूळ सुमारे 19.3 मि.मी.वर हवेत आणि आपण सगळे 16.5 मि.मी.वर गाड्या चालवतो, याबद्दल माझी तक्रार नाही. ती तडजोड जाहीर आहे आणि शौकिनांनी ती स्वीकारलेली आहे. न सांगितलेल्या दोषाची गोष्ट वेगळी.

तरी इंजिन बदलून द्यावे, जळालेल्या डिकोडरची किंमत व दोन्ही बाजूंचा कुरिअर खर्च भरून द्यावा, आणि शिल्लक मालातील मोटरचे इन्सुलेशन तपासेपर्यंत ‘डीसीसी रेडी’ या छापासह त्याची विक्री थांबवावी. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागणे मला भाग पडेल.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत: खरेदीची पावती, माहितीपत्रकातील आकृतीची प्रत, ब्रशची पट्टी व व्हर्नियरवरील मोजमाप यांची छायाचित्रे