दिव्याच्या आधीही पट मांडला होता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या संध्याकाळी आमच्या घरी पेढे आले. एकोणीस वर्षांची पोर, आणि एका झटक्यात भारताची 88 वी ग्रँडमास्टर! पण रात्री एका वाहिनीवरचा निवेदक सांगू लागला की महाराष्ट्राच्या मुलींनी बुद्धिबळात आता कुठे पाऊल टाकलंय. तिथे मला गप्प बसवेना, म्हणून हे पत्र.

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. 1976 साली मी सातवीत होतो आणि आमच्याकडे बुद्धिबळ म्हटलं की 'खाडिलकरांच्या मुली' एवढंच पुरेसं होतं. 'नवाकाळ'चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा 1974 साली पहिल्यांदा झाली, ती वासंतीनं जिंकली आणि त्यानंतर जवळजवळ दशकभर हे विजेतेपद त्याच घरात फिरत राहिलं. महिला आंतरराष्ट्रीय मास्टर हा किताब मिळवणारी पहिली भारतीय म्हणजे जयश्री, साल 1979. रोहिणी 1976 मध्ये राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा तेरा वर्षांची होती. माझ्याहून जेमतेम वर्षभरानं मोठी! आई मला त्यावरून किती बोलली असेल, ते विचारू नका.

त्याच साली रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. तोवर तिथे एकही स्त्री खेळली नव्हती. केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, निकाल तिच्या बाजूनं लागला. जागतिक संघटनेचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांनाही सांगावं लागलं की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. आज एखादी मुलगी खुल्या स्पर्धेत मुलांसमोर बसते तेव्हा कुणाची भुवईही वर जात नाही. हे फुकट मिळालेलं नाही. पुढे 1981 मध्ये हैदराबादला रोहिणी आशियाई विजेती झाली, बारा डावांत साडेअकरा गुण घेऊन. म्हणजे अख्ख्या स्पर्धेत एकच बरोबरी. 1983 मध्ये ती पुन्हा आशियाई विजेती झाली.

त्यांच्या मागोमाग भाग्यश्री साठे (लग्नानंतर ठिपसे) आली आणि 1985 पासून पाच वेळा राष्ट्रीय विजेती झाली. मुंबईची अनुपमा अभ्यंकर, आताच्या अनुपमा गोखले, हिला पद्मश्री मिळाली तेव्हा ती सोळा वर्षांची होती. या दोघींवर स्वतंत्र पत्र लिहायला हवं, इथे जागा पुरणार नाही.

आता कुणी म्हणेल, एवढ्या हुशार होत्या तर ग्रँडमास्टर का झाल्या नाहीत? हा प्रश्न मी कट्ट्यावर कितीदा ऐकलाय. अहो, 1987 संपेपर्यंत या देशात एकही ग्रँडमास्टर नव्हता, ना पुरुषांत, ना स्त्रियांत. किताबासाठी नॉर्म लागतात, म्हणजे तगड्या स्पर्धांत ठरावीक दर्जाची कामगिरी. नॉर्मसाठी ग्रँडमास्टरांशी आणि परदेशी खेळाडूंशी खेळावं लागतं. ते सगळे युरोपात. तिकडे जायचं तर विमानाचं तिकीट, परकीय चलनाची परवानगी, नोकरीतली रजा. मुंबईचे प्रवीण ठिपसे देशाचे तिसरे ग्रँडमास्टर झाले ते 1997 मध्ये, वयाच्या अडतिशीच्या आसपास. 1985 मध्ये राष्ट्रकुल विजेतेपद विभागून मिळवलेला माणूस पुढे बारा वर्षं किताबासाठी ताटकळला. आजच्या पिढीतल्या गुकेशला तोच किताब बाराव्या वर्षी मिळाला. गुकेशचं कौतुक आहेच, पण दोघांना एकाच फूटपट्टीनं मोजू नका. कोलकात्याच्या दिब्येंदू बरुआनं 1982 मध्ये लंडनला व्हिक्टर कोर्चनॉयसारख्या दिग्गजाला हरवलं तेव्हा तो पोरसवदाच होता. त्यालाही ग्रँडमास्टर व्हायला 1991 उजाडलं.

ही झाली नाव मिळवलेल्यांची गोष्ट. नाव न मिळालेला एक मुलगा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्याच चाळीतला, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. शिकवणारं कुणी नाही, चाळीत पुस्तक एकच, तेही बाइंडिंग सुटलेलं. त्यातले डाव त्याला तोंडपाठ. एका स्पर्धेत शेवटून दुसरा डाव रात्री तहकूब झाला. तेव्हा ज्याची खेळी असे त्यानं पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, पंचांनी पाकीट ठेवून घ्यायचं आणि डाव दुसऱ्या दिवशी पुढे सुरू. तो चांगल्या स्थितीत होता. रात्री गॅलरीत चाळीस वॉटच्या दिव्याखाली आम्ही चौघं पट मांडून बसलो, दोन वाजेपर्यंत त्यानं आम्हाला सगळे फाटे दाखवले, डाव जिंकलेलाच होता.

सकाळी पंचांनी पाकीट फोडलं. आत लिहिलं होतं 'एन-क्यू2'. तेव्हा आपल्याकडे चाली जुन्या इंग्रजी पद्धतीनं लिहायचे. घोडा वजिरासमोरच्या घरात. पंचांनी विचारलं, "कुठला घोडा?" कारण त्याचे दोन्ही घोडे त्या घरात येऊ शकत होते, एक राजाच्या बाजूचा, एक वजिराच्या. मोघम चाल बंद केली तर डाव गमावला, असा नियम. तो त्याला कुणी सांगितलाच नव्हता. आजच्या मुलाला 'तुमच्या काळी कुठला घोडा हे लिहीत नव्हता?' असं वाटेल. लिहीत होतो हो, पण सतरा वर्षांच्या पोराचा हात पाच तास खेळून थरथरत असतो. तो रडला नाही. जिना उतरताना फक्त म्हणाला, "दोन्हींपैकी कुठलाही चालला असता, जिंकत होतो." पुढे खेळाडूंच्या जागेवर त्याला एका बँकेत नोकरी लागली, काही वर्षं तो बँकेच्या संघातून खेळलाही, मग बदली, बढती, संसार.

अशी मुलं गिरगावात होती, दादरला होती, पुण्यात होती, आणि सांगलीत तर होतीच, जिथे नूतन बुद्धिबळ मंडळ स्वातंत्र्याच्या आधीपासून स्पर्धा भरवतंय. सगळी वाया गेली असं मी म्हणणार नाही. त्यांच्यातली बरीच पुढच्या पोरांच्या मागे उभी राहिली. प्रशिक्षक रघुनंदन गोखल्यांना तर द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. आणि 2024 मध्ये बुडापेस्टला आपल्या मुलींनी ऑलिंपियाडचं सुवर्ण जिंकलं, दिव्या त्याच संघात होती, त्या संघाचा कर्णधार कोण होता? पुण्याचा अभिजित कुंटे, 2000 साली झालेला देशाचा चौथा ग्रँडमास्टर. पोडियमच्या फोटोत सगळे मुलींकडे बघतात, ते बरोबरच आहे. मी मात्र कुंटेला शोधत होतो.

आता विनंती. त्या काळातले डाव मी संगणकावर बरेच शोधले. खाडिलकर भगिनींच्या राष्ट्रीय स्पर्धांतले मला जेमतेम मूठभर मिळाले. बाकीचे कुठे असतील? कुणाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत, कार्बन लावून लिहिलेल्या पिवळ्या नोंदपत्रकांवर. ज्यांच्याकडे ती असतील ते आज साठी-सत्तरीत आहेत. घर रिकामं करताना नातवंडं ती रद्दीत देतील, आणि त्यात त्यांचा दोषही नाही, 'पी-के4' म्हणजे काय हे त्यांना कसं कळावं? आपण एक छोटं आवाहन छापावं, अशी पत्रकं, स्पर्धांचे फोटो, गुणतक्ते वाचकांनी पाठवावेत म्हणून. आठवड्याला त्यातला एक डाव छापलात तरी पुष्कळ. चाली आजच्या पद्धतीत उतरवून द्यायचं काम मी घरबसल्या करीन, मोबदला नको.

माझी स्वतःची कात्रणांची वही आपल्या कार्यालयात आणून द्यायला तयार आहे. 1979 सालची चार पानं मात्र वाळवीनं खाल्ली आहेत.

आपला,
एक जुना वाचक, डोंबिवली (पूर्व)