चॅपल हिलच्या मुलींचा अर्ज

चि. मृणाल हिस,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू सांगितलेस, की तुम्ही अठरा जणी पहाटे साडेपाचला फुटबॉल खेळायला मैदानावर जाता, साडेसातला मुलांचा संघ आला की बाजूला होता, आणि स्वतंत्र संघ व प्रशिक्षक मिळावा असा अर्ज महाविद्यालयाकडे करावा की नाही, यावरून तुमच्यात दोन तट पडले आहेत. "आधी जिंकून दाखवू, मग मागू" असे म्हणणाऱ्या मुलींकडे तुझा कल दिसला. उत्तर तेव्हाच माझ्या ओठांवर आले होते, पण फोनवर ते अर्धवट राहिले असते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा, म्हणजे चॅपल हिलचा, महिला फुटबॉल संघ तुला ठाऊक आहे तो त्यातून पुढे आलेल्या मिया हॅम या खेळाडूमुळे. तुझ्या कपाटाच्या दाराला आतून तिचे चित्र अजून चिकटवलेले आहे. पण त्या संघाचा जन्म विजयातून झाला नाही, तो अर्जातून झाला. १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे मुलींचा एक हौशी क्लब होता. त्या मुलींनी आपल्याला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा द्यावा अशी मागणी केली. क्रीडासंचालक बिल कोबी यांनी पुरुष संघाचे तरुण प्रशिक्षक अ‍ॅन्सन डोरन्स यांना त्यांचा खेळ पाहायला पाठवले, आणि १९७९ साली संघ उभा राहिला तेव्हा त्याची जबाबदारीही डोरन्स यांच्याकडेच आली. १९८८पर्यंत ते दोन्ही संघ सांभाळत होते. हे डोरन्स जन्माने मुंबईचे, हे तुला माहीत नसेल. त्यांचे वडील तेल व्यवसायात होते, त्यामुळे १९५१ साली मुंबईत जन्मलेला हा मुलगा केनिया, इथिओपिया, सिंगापूर असा देशोदेशी वाढला.

त्या अर्जामागे कायद्याचे बळ होते, हे विसरून चालणार नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असा कायदा तिथे १९७२ साली झाला. ‘टायटल नाइन’ या नावाने तो ओळखला जातो. कायदा मात्र आपण होऊन मैदानावर येत नाही. तो झाल्यानंतर सात वर्षांनी चॅपल हिलला संघ झाला, आणि तोही मुलींनी मागितला तेव्हा. या संघाची गोष्ट सांगताना लोक बहुधा डोरन्स यांच्यापासून सुरुवात करतात. मला ते पटत नाही. माझ्या हिशेबात आधी त्या मुली येतात, मग कायदा आणि त्यानंतर प्रशिक्षक.

पुढचा इतिहास थक्क करणारा आहे. १९८१ साली महिलांच्या महाविद्यालयीन खेळांच्या तेव्हाच्या संघटनेने पहिली राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा चॅपल हिललाच भरवली आणि या संघाने सेंट्रल फ्लोरिडाला १-० असे हरवून ती जिंकली. पुढच्या वर्षी स्पर्धा एनसीएए या अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांच्या राष्ट्रीय संघटनेच्या छत्राखाली गेली. तेव्हापासून २०००पर्यंतच्या एकोणीस स्पर्धांपैकी सोळा या मुलींनी जिंकल्या, त्यांतल्या १९८६ ते १९९४ या नऊ तर ओळीने. कार्ला ओव्हरबेक १९८६ ते १९८९ अशी चार वर्षे बचावफळीत खेळली. त्या काळात संघाने ८९ सामने जिंकले, ६ बरोबरीत सोडवले आणि एकही हरला नाही. मात्र या आकड्यांची दुसरी बाजूही तू समजून घे. १९८२च्या स्पर्धेत अवघे बारा संघ होते, आज चौसष्ट असतात. इतर विद्यापीठे जागी होण्याआधी चॅपल हिलच्या मुली मैदानात उतरल्या होत्या, आणि लवकर मागितल्याचा तो फायदा त्यांना कितीतरी वर्षे पुरला. "आधी जिंकू, मग मागू" या म्हणण्याला माझे उत्तर इथेच आहे.

अर्थात, केवळ लवकर सुरुवात केल्याने नऊ वर्षे ओळीने कोणी जिंकत नाही. त्याच विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ सरावातली प्रत्येक गोष्ट मोजून लिहून ठेवत, हे डोरन्स यांनी पाहिले आणि ती पद्धत आपल्या मैदानावर आणली. एकास एक झुंज, हेडिंग, गोलवर मारलेले फटके, धावण्याच्या शर्यती, सगळ्याची नोंद होई, आणि कोण पहिली, कोण शेवटची याची यादी सगळ्यांना दिसेल अशी लावली जाई. सरावात मैत्रिणीला मनापासून हरवायला मुली कचरतात, असे त्यांच्या लक्षात आले होते. रोजच आकडे लागू लागल्यावर तो संकोच गेला, कारण हरवणे हा सरावाचाच भाग झाला. तुझा मामा कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळायचा तेव्हा आम्ही बहिणी गॅलरीत बसून घसा कोरडा होईपर्यंत ओरडायचो. तालमींमधली ती चुरस आम्ही पाहत होतो, पण ती आमच्यासाठीही असू शकते हे कोणाच्या मनात आले नाही, आमच्याही नाही.

मिया हॅमची एक हकिगत तर मला फार जवळची वाटते. हंगाम नसतानाच्या थंडीत एका सकाळी डोरन्स गाडीने कामावर चालले होते. रिकाम्या मैदानावर कोणी तरी एकटेच धावताना त्यांना दिसले. थोडे धावायचे, गुडघ्यांवर हात टेकून वाकून धापा टाकायच्या, पुन्हा धावायचे. ती मिया होती. त्यांनी तिला हाक मारली नाही. नंतर तिला एक चिठ्ठी पाठवली, की कोणी पाहत नसताना घामाने निथळून, दमून वाकलेली व्यक्ती, हेच विजेत्याचे खरे रूप असते. त्या चार ओळी पुढे जगभर पसरल्या.

१९९१ साली चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला. अमेरिकेने अंतिम सामन्यात नॉर्वेला २-१ असे हरवले. प्रशिक्षक डोरन्सच होते, आणि अठरा खेळाडूंपैकी नऊ जणी चॅपल हिलच्या होत्या. कर्णधार एप्रिल हाइनरिक्स, मिया आणि क्रिस्टीन लिली त्यांतल्याच. लिली पुढे ३५४ आंतरराष्ट्रीय सामने खेळली, इतके सामने पुरुषांतही कोणी खेळलेले नाही.

आता एक गोष्ट, जी मी तुझ्यापासून झाकणार नाही. १९९८ साली दोन माजी खेळाडूंनी लैंगिक छळाची तक्रार घेऊन डोरन्स आणि विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. मुलींच्या खासगी आयुष्याबद्दल संघात चालणारे बोलणे हा त्यातला मुख्य मुद्दा होता. डोरन्स यांनी छळाचा आरोप नाकारला. पण एक दावा २००४ साली आणि दुसरा २००८ साली तडजोडीने मिटला, आणि तसल्या थट्टेत आपण सामील झालो, ते अयोग्य होते, असे मान्य करून त्यांना माफी मागावी लागली. इतक्या विजयांपुढे हे किरकोळ आहे असे कोणी म्हणाले तर ऐकू नकोस. मोठ्या प्रशिक्षकापुढे विशीतल्या मुलीला "हे बोलू नका" असे म्हणणे किती अवघड असते, हे मला कळते. म्हणूनच प्रशिक्षक मागताना, तक्रार कोणाकडे करायची आणि ती कोण ऐकणार, हेही अर्जात लिहून मागा.

नंतरची वर्षे चढउताराची गेली. २०१२च्या विजेतेपदानंतर बारा वर्षे चषक आला नाही. २०२२च्या अंतिम सामन्यात शेवटची दहा मिनिटे उरली असताना चॅपल हिल २-० असे पुढे होते. वेळ संपायला सोळा सेकंद असताना यूसीएलएने, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने, बरोबरी साधली आणि जादा वेळेत सामना जिंकला. ऑगस्ट २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना, डोरन्स पंचेचाळीस वर्षांनी निवृत्त झाले. त्यांचे सहकारी डेमन नाहास यांनी संघ हाती घेतला, आणि त्याच डिसेंबरमध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाला १-० असे हरवून मुलींनी एनसीएएचे बाविसावे विजेतेपद मिळवले. ज्यांच्या नावाने आज ते मैदान ओळखले जाते, ते डोरन्स बाकावर नव्हते, तरी संघ जिंकला. मला या गोष्टीचे फार समाधान वाटले.

तुमच्या अर्जाला गेल्या वर्षभराच्या सरावाची हजेरी जोडा. तू वहीत लिहून ठेवतेस, हे मला माहीत आहे. सही अठरा जणींची असू दे, एकट्या कर्णधाराची नको. जी मुलगी घाबरते आहे तिच्यावर जबरदस्ती करू नका, पण तिच्या नावाची जागा मोकळी ठेवा. आणि पाठवण्याआधी मसुदा मला दाखव. मजकूर तुमचाच राहील, मी फक्त शुद्धलेखन पाहीन.

मामाने तुझ्यासाठी नवे स्टड घेतले आहेत, शनिवारच्या गाडीने पाठवते.

तुझी,
आई