हातखंब्याच्या त्या दोघा टायरवाल्यांचे आभार

मागच्या रविवारी राजापूरहून रत्नागिरीकडे येताना जांभ्याच्या टोकदार दगडाने आमच्या गाडीच्या पुढच्या टायरची बाजू फाटली. स्टेपनी लावून हातखंब्याजवळच्या ज्या दुकानात आम्ही पोहोचलो, तेथील दोघा कारागिरांची नावे विचारायची राहून गेली, म्हणून हे जाहीर आभार. पूर्वी एकदा दुसरीकडे टायर उतरवताना पहारीने अलॉय व्हीलला ओरखडा पडला होता आणि खाऱ्या हवेने त्या जागी पांढरी पूड धरली होती, त्यामुळे मी धास्तावूनच उभा होतो. येथे मात्र थोरल्याने मशीनच्या जबड्यांवरची प्लास्टिकची टोपणे आधी तपासली, कडेला ब्रशने साबणाचे पाणी लावले आणि नवा टायर चढवण्यापूर्वी ती पूड, मी न सांगता, घासून काढली, कारण हवा हळूहळू गळते ती तिथूनच. नट प्रथम हाताने फिरवून, मग समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळले. धाकट्याने 50 किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासून घेण्यास बजावले (आणि चहाचे पैसे काही घेतले नाहीत). काल चिपळूणला तपासले. एकही नट सैल नव्हता.