जुन्या जीपला बोलेरोचा रेडिएटर : मित्रास पत्र

सोलापूर

प्रिय विलास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. जीप दुपारच्या उन्हात तापते, मोहोळच्या रेडिएटरवाल्याने रेडिएटरची जाळी (पाणी निववणाऱ्या नळ्या-पात्यांचा भाग) गेल्याचे सांगितले आणि भंगारात बोलेरोचा एक रेडिएटर स्वस्तात मिळतो आहे, तेव्हा तो आपल्या महिंद्राच्या एमएम ५४० जीपला बसेल का, असे तू विचारले आहेस. तो बसवता येईल. मी माझ्या जीपला गेल्या उन्हाळ्यात बसवून घेतला आहे. परंतु रेडिएटर बसला म्हणजे गाडी थंड राहिली असे होत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पैसे देण्याआधी दोष खरोखर रेडिएटरचाच आहे का, हे पाहून घे. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना झाकण काढून गाडी चालू कर. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केटवर (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलवर) संशय घ्यावा लागेल आणि मग नवा रेडिएटरही काही करू शकणार नाही. गाडी उभी असताना तापून चालू लागल्यावर निवत असेल, तर वारा कमी पडतो आहे असे समज. उलट ती मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा चढावर तापत असेल, तर जाळीच्या नळ्या क्षाराने बुजल्या असण्याची शक्यता अधिक. गाडी तापवून बंद कर आणि जाळीवर जपून ठिकठिकाणी हात फिरव. जिथे थंड पट्टे लागतील तिथून पाणी वाहत नाही, हे उघड आहे.

आपल्या गाडीतले प्यूजोचे एक्सडीपी ४.९० इंजिन २११२ सीसीचे आणि सुमारे ६२ अश्वशक्तीचे आहे. ताकद बेताची असली तरी ते इनडायरेक्ट इंजेक्शनचे, म्हणजे डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारणारे, असल्यामुळे डिझेलची उष्णता पाण्यात थोडी जास्तच सोडते. शिवाय एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२ अंशांच्या वर जातो, म्हणजे ८५-९० अंशांच्या पाण्याला निववण्यासाठी मिळणारा वाराच मुळात तापलेला असतो. त्यामुळे मोठी जाळी हवी, हा तुझा विचार योग्य आहे.

आता दुकानदाराला नुसते ‘बोलेरोचा’ म्हणून विचारू नकोस. जुन्या बोलेरोत २५२३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि २०१६ साली आलेल्या बोलेरो पॉवर प्लसमध्ये १४९३ सीसीचे तीन सिलिंडरचे; नाव एक असले तरी रेडिएटर एकच असेल असे धरून चालू नये. आपल्याला जुन्या मोठ्या इंजिनाचा पाहायचा आहे. मेजपट्टी घेऊन जा आणि वरच्या-खालच्या नळ्यांची तोंडे कोणत्या बाजूला आहेत, त्यांचा बाहेरचा व्यास किती, जाळीची उंची, रुंदी आणि जाडी किती, हे सारे आपल्या जुन्या रेडिएटरशी ताडून पाहा. तोंड दुसऱ्या बाजूला असेल तर होस पाइप इंजिनावरून आडवा न्यावा लागतो. व्यास जुळत नसेल तर क्लिप आवळून भागवू नकोस. लेथवाल्याकडून दोन मापांचा लोखंडी तुकडा करून घे आणि पाइप घसरू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना कडा उमटवून घे.

मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाऱ्याची आहे, आणि आपले बहुतेक फिटर नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात. जीपच्या ग्रिलची जागा मोकळी आहे तेवढीच जाळी कामाची. जी पत्र्याआड गेली तिला वारा लागत नाही, मग दुकानात ती कितीही रुंद दिसो. जाळीच्या कडेला फट राहिली तर वारा जाळीतून न जाता फटीतून निसटतो, म्हणून चारही बाजूंनी रबराच्या पट्ट्या लावून घ्याव्यात. त्याहून मोठा प्रश्न पंख्याच्या कवचाचा, म्हणजे श्राउडचा. जीपचा पंखा पट्ट्यावर फिरणारा, पाण्याच्या पंपाला जोडलेला. तो जाळीपासून लांब आणि उघडा राहिला तर चुलीपासून दोन हात दूर बसून फुंकणी मारल्यासारखे होते. कवच असेल तर पंखा संपूर्ण जाळीतून हवा ओढतो, नसेल तर स्वतःच्या पात्यांपुरतीच. माझ्याकडे बोलेरोचे कवच पंख्याच्या मध्याशी जुळत नव्हते, म्हणून पत्र्याचे वेगळे करून घेतले. पाती साधारण निम्मी कवचात, निम्मी बाहेर आणि जाळीपासून सुमारे एक इंच दूर ठेवली. इंजिन रबरी माउंटवर हलते, म्हणून याहून जवळ जाऊ नये. उभ्या गाडीचे तापणे थांबले ते यानंतरच. त्याआधी नुसता मोठा रेडिएटर लावून फरक फारसा पडला नव्हता.

जुना रेडिएटर तांब्या-पितळेचा, तर हा ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकच्या टाक्या असलेला असतो. तांबे उष्णता अधिक वाहते हे खरे. परंतु ॲल्युमिनियमच्या नळ्या रुंद असतात आणि जाळीची पातळ पाती त्यांना थेट जोडलेली असतात, त्यामुळे निववण्यात हा कमी पडत नाही. अडचण दुरुस्तीची आहे. पितळी टाकी फुटली तर डाग देता येतो, प्लास्टिकची फुटली तर नाही. म्हणून तो चौकटीला थेट बोल्टने आवळू नकोस. खाली आणि वर रबरी बुश असलेच पाहिजेत, नाहीतर आपल्या कच्च्या रस्त्यांवरच्या हादऱ्यांनी टाकी तडकेल.

झाकणाचे एक सांगायचे राहिले. जुनी झाकणे ७ पीएसआय (दाबाचे माप) च्या आसपासची असत, नव्या रेडिएटरची १३ ते १५ ची असतात. ७ वर पाणी सुमारे १११ अंशांना उकळते, १५ वर १२१ ला, म्हणून जास्त दाबाचे झाकण चांगलेच. पण तोच दाब तुझ्या जुन्या होस पाइपांवर आणि पंपाच्या सीलवर पडेल. पाइप सगळे नवे घाल आणि झाकण निदान सुरुवातीला कमी दाबाचेच लाव. रेडिएटरचे तोंड इंजिनातल्या पाण्याच्या सर्वांत उंच जागेपेक्षा खाली आले तर हवा अडकते, तेव्हा अशा वेळी पाणी भरण्याची बाटली उंचावर बसवून घे. नवा रेडिएटर जोडण्यापूर्वी इंजिनाचे ब्लॉक उलट्या दिशेने धुऊन घ्यायला विसरू नकोस, कारण जुना गाळ बारीक नळ्यांत पहिल्याच आठवड्यात जाऊन बसतो. आपल्या बोअरचे जड पाणी तर मुळीच ओतू नकोस. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घाल.

माझे मत विचारशील तर, तुझ्या जुन्या रेडिएटरच्या पितळी टाक्या शाबूत असतील तर त्यांनाच जाड जाळी घालून घेणे अधिक सोयीचे; त्यासाठी ना पाइप बदलावे लागतात, ना चौकट. टाक्याही गेल्या असतील तरच बोलेरोचा घे. कोणताही घेतलास तरी पंख्याला कवच कर. आधी मापे लिहून पाठव, म्हणजे तुझा मेकॅनिक चौकट कापण्याआधी मला पाहता येतील. काम झाले की जीप घेऊन इकडे ये. भर दुपारी तुळजापूरच्या घाटात चढवून पाहू, कारण तापमानाचा काटा तिथे ठरला तर सगळीकडे ठरेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुधाकर