सांधे तपासता, तसे झोपेचेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझ्या थोरल्या वहिनींना आमवात आहे. थंडी पडली की काड्यांवर वांगी भाजून बडगीत भरीत कुटायचे, हे आमच्या घरात त्यांचेच काम. मागच्या हिवाळ्यात बडगी माळ्यावरून खाली आलीच नाही. बोटे सुजलेली, तेव्हा कुटणे जमणार नाही हे कळत होते. पण शेजारी बसून गप्पा मारायलाही त्या येईनात. दोन घास खाऊन ताटावरून उठायच्या, रात्री तीनला अंगणात जाऊन बसायच्या. विचारले की एकच उत्तर, "आंगमा जीव नही." आणि आम्ही, मी इतकी वर्षे शाळेत शिकवूनसुद्धा, म्हणत राहिलो, "मनाला लावून घेऊ नका, मन रमवा." ते बोलणे आज मला टोचते.

त्यांच्या आजाराची तीन वर्षांची जाड फाइल आहे. शरीरात दाह, म्हणजे आतली सूज, किती आहे हे सांगणारा सीआरपी या रक्ततपासणीचा रिपोर्ट प्रत्येक खेपेचा त्यात लावलेला आहे. झोप लागते का, कशात गोडी वाटते का, हे मात्र एकदाही कोणी विचारले नव्हते. शेवटी धुळ्याच्या एका मानसोपचारतज्ज्ञांनी ती फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि आमचे डोळे उघडले.

दाह असला की प्रतिकारशक्तीच्या पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचतो. भूक मरते, झोप बिघडते, कोणाशी बोलू नये असे वाटते. आजारी बैल कडबा हुंगूनही बघत नाही, मान खाली घालून उभा राहतो, हे खेड्यातल्या कोणालाही माहीत आहे. चार दिवसांच्या तापात ही शरीराची सोयच असते. पण दाह महिनोन्‌महिने धुमसत राहिला तर त्यातून नैराश्य जडू शकते. हिपॅटायटिस सी या काविळीवर पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शने देत. ते प्रतिकारशक्तीलाच चेतवणारे औषध, आणि ते घेणाऱ्यांपैकी साधारण दर चारांत एकाला तरी नैराश्य यायचे.

याचा अर्थ प्रत्येक नैराश्य दाहातूनच येते असा कोणी काढू नये. आमवातावर दिले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध अमेरिकेत नैराश्याच्या ६० रुग्णांवर तपासले गेले. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांचा सीआरपी ५ च्या वर होता, त्यांच्यात मात्र सुधारणेची चिन्हे दिसली. म्हणून मेडिकलमधून सुजेच्या गोळ्या आणून मनावर इलाज करू नका, हे हात जोडून सांगतो.

माझे मागणे डॉक्टरांकडे आहे. आमवाताचे, सोरायसिसचे, चिकुनगुनियानंतर सांधे धरलेले रुग्ण तुमच्यासमोर बसतात, तेव्हा दोनच प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटले का? कशातच रस वाटेनासा झाला का? उत्तर 'हो' आले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी द्या. खेड्यातून जळगाव-धुळ्याला जाणे प्रत्येकाला जमत नाही. त्यांच्यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी फोन आहे, मोफत आहे, मराठीतून बोलता येते. दवाखान्याच्या भिंतीवर तो मोठ्या अक्षरांत लिहायला काय हरकत आहे?

वहिनींची आमवाताची आणि नैराश्याची, दोन्ही औषधे आता चालू आहेत. परवा त्यांनी स्वतःहून विचारले, बाजारात बामणोदची वांगी आली का म्हणून.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
अमळनेर, जि. जळगाव