नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

आईच्या ऑपरेशनच्या वेळी रक्त देऊन, नाव न सांगताच निघून गेलेल्या सर्वांचे प्रभूच्या नावाने मनापासून आभार. रात्रपाळीत तिच्या उशाशी बायबलमधलं स्तोत्र 23 वाचणाऱ्या नर्सताई, तुमचेही.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, चौघेजण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात, छप्पर उघडून येशूपुढे खाली सोडतात. त्या चौघांपैकी एकाचंही नाव शुभवर्तमानात नाही. येशूने मात्र ‘त्यांचा विश्वास’ पाहिला, असं मार्क लिहितो. एकट्या आजाऱ्याचा नव्हे!

चमत्कार म्हटलं की नजर आभाळाकडे जाते. रक्ताची ती पिशवी तर कुणाच्या तरी दंडातूनच आली होती. डॉक्टरांचं कौशल्य होतंच, ते नाकारून देवाचा गौरव थोडाच होतो?

कधी भेटलात तर ओळख द्या. आईला तुमच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची आहे.