कंदिलाच्या कृतीत रेझिस्टर का नाही?

महोदय,

दिवाळी जवळ आली की पुरवण्यांमधून घरच्या घरी आकाशकंदील करण्याच्या कृती येतात. कामट्या, कागद, खळ यांची मापे चोख असतात. दिव्याचे काम मात्र ‘आत एलईडी बसवून ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडा’ एवढ्यावर उरकलेले असते. तसे जोडले तर एलईडी लख्ख पेटतो आणि बहुधा लगेच उडतो. मग मुलांना वाटते, दुकानदाराने खराब माल दिला.

माल खराब नसतो. जुन्या पिवळ्या बल्बमध्ये तार असते. ती तापली की तिचा रोध वाढतो आणि करंट आपोआप आटोक्यात राहतो. एलईडीचे उलटे आहे. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो जवळजवळ काहीच करंट घेत नाही. ते ओलांडले की जरा व्होल्टेज वाढले तरी करंट झपाट्याने चढतो, तापला की आणखी चढतो. हे व्होल्टेज रंगावर ठरते: तांबड्याला साधारण २, निळ्याला ३ च्या वर. पांढरा म्हणजे निळ्यावर पिवळ्या फॉस्फरचा (निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा) थर, त्यामुळे त्यालाही ३ ते ३.४ लागतात. (याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.)

म्हणून मध्ये रेझिस्टर, म्हणजे ओहममध्ये मोजला जाणारा रोध देऊन करंट आटोक्यात ठेवणारा छोटा भाग, हवाच. बॅटरीच्या व्होल्टेजमधून एलईडीचे वजा करायचे, उरलेल्याला हव्या त्या करंटने भागायचे. ५ मिलिमीटरच्या साध्या एलईडीची मर्यादा सहसा २० मिलिअँपिअर असते. १२ ते १५ मध्ये कंदील छान उजळतो. ९ मधून ३.१ गेले, उरले ५.९, त्याला ०.०१२५ अँपिअरने (म्हणजे १२.५ मिलिअँपिअरने) भागले की ४७२ ओहम. बाजारात ४७० ओहम मिळतो, पाव वॉटचा पुरतो. त्यावरचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. तांबड्यालाही हाच चालतो, करंट १५ च्या आसपास जातो.

तीन एलईडी हवे असतील तर प्रत्येकाला आपापला रेझिस्टर द्यावा. एकाच रेझिस्टरवर तिघे शेजारी शेजारी जोडले तर ज्याचे व्होल्टेज किंचित कमी तो जास्त करंट ओढतो, तापतो आणि आधी जातो. मग त्याच्या वाट्याचा करंटही उरलेल्या दोघांवर येतो. तीन पांढरे एकापुढे एक जोडून ९ व्होल्टवर लावण्यातही अर्थ नाही, त्यांनाच ९.३ लागतात. १२ व्होल्टचा अॅडॉप्टर असेल तर मात्र हीच जोडणी उत्तम; तिला २२० ओहमचा एक रेझिस्टर पुरे.

कंदील चिकटवण्याआधी एलईडी तपासावा. लांब पाय धन. पाय कापलेले असतील तर कडेचा सपाट भाग ऋण बाजू दाखवतो. मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचे मीटर) डायोडच्या खुणेवर ठेवून लाल टोक धन पायाला लावले की तांबडा मंद पेटतो आणि १.८ च्या आसपास आकडा येतो. पांढऱ्याला काहीच दिसले नाही म्हणून तो फेकू नये: बऱ्याच स्वस्त मीटरमधून ३ व्होल्ट बाहेरच पडत नाहीत. त्याला तोच ४७० ओहम लावून ९ व्होल्टच्या बॅटरीवर बघावे.

एक धोका मात्र कृतीत ठळक छापायला हवा. थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या स्वस्त माळेची डबी म्हणजे ट्रान्सफॉर्मर नव्हे. बहुतेकींत नुसते करंट रोखणारे कपॅसिटर किंवा रेझिस्टर असतात, मेनपासून, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेपासून, काहीच वेगळे केलेले नसते. एलईडी ३ व्होल्टचा असला तरी त्याच्या उघड्या पायाला हात लागला तर झटका मेनचाच बसतो. अशा माळेचा तुकडा कापून कंदिलात, त्यातही गॅलरीच्या ओल्या लोखंडी गजांवर, कधीही लावू नये.

यंदाच्या कृतीत कामट्यांच्या यादीखाली ‘४७० ओहम, पाव वॉट, प्रत्येक एलईडीला एक’ एवढी ओळ वाढवावी, ही विनंती.

– एक वाचक, पुणे